झुलीची मधली पट्टी

पोळा उद्यावर आला होता आणि झूल बैलाच्या वशिंडावर अडकून बसली होती.

पाटलाच्या गोठ्यासमोर तात्याबा शिंपी एका बाजूनं ओढत होता आणि पाटलाचा गडी शहादेव दुसऱ्या बाजूनं. चार दिवसांची उघाड पडली होती, ऊन पाठीला चटका देत होतं. मध्ये उभा असलेला हरण्या बैल निवांत रवंथ करत होता. झुलीला मधोमध वशिंड बाहेर यायला गोल भोक ठेवलं होतं. त्या भोकातून वशिंडाचा शेंडा तेवढा वर आला आणि पुढं काही सरकेना. खाली झुलीचे काठ, कवड्या आणि गोंड्यांसकट, पोटाच्या निम्म्यावर लोंबत होते. ते गुडघ्यापर्यंत यायचे होते.

"तात्याबा, झूल शिवली का चोळी?" शहादेव म्हणाला.

तात्याबाला हसू आलं नाही. त्यानं कमरेची मापाची दोरी काढली, गाठी मोजल्या, हरण्याच्या पाठीवरून टाकली. वीतभर कमी. पुन्हा टाकली. वीतभरच कमी.

"माप तर बरुबर घेतलतं," तो पुटपुटला.

"कवा घेतलतं?"

"वैशाखात."

शहादेवनं कपाळाला हात लावला. "अवं, वैशाखात ह्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गत हुती. वशिंड आडवं पडलतं. आता दोन म्हैने हिरवं खाऊन बगा कसा झालाय. माणसाचं माप न्हाई हे, बैलाचं हाय."

हे कळायला शिंपी असावं लागत नाही, आणि नेमकं शिंप्यालाच ते कळलं नव्हतं. माणूस वर्षानुवर्षं त्याच अंगरख्यात मावतो, म्हणून तात्याबाचा आपल्या दोरीवर देवापेक्षा जास्त भरवसा. मनकर्णा, त्याची बायको, आषाढातच म्हणाली होती की एकदा जाऊन बैल बघून या. त्यावर त्यानं तिला, घेतलेलं माप पुन्हा घेणं म्हणजे आपणच आपल्याला खोटं ठरवणं, असं सुनावलं होतं. आमच्या गावात असं सुनावणारे पुष्कळ आहेत. त्यांची बायकांपुढं मान खाली जायला साधारण दोन महिने लागतात.

ही मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली गोष्ट, प्लेग होऊन गेल्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षाची. मोमिनाबादची, म्हणजे आपल्या आंबाजोगाईची, छावणी उठली तेव्हा तिथं पलटणीचे कपडे शिवणारा एक मशीनवाला केजला येऊन बसला होता. पायानं मशीन चालवतो आणि दिवसाला चार सदरे काढतो, अशी त्याची कीर्ती आमच्यापर्यंत तीन कोस चालत आली होती. आप्पाराव पाटलाच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. घरादाराचे कपडे, जावयाचा अंगरखा, मांडवाचा चांदवा, सगळं शिवायचं होतं. पाटील तात्याबाला सरळ म्हणाला होता, "ह्या पोळ्याला माझ्या बैलाला वशिंड बाहेर काढलेली मश्रूची झूल पायजे, बीडच्या यात्रेत बघितली तशी. मनासारखी झाली तर लग्नाचं समदं शिवण तुजं. न्हाई झाली तर केजवाला मशीन घिऊन हितंच येऊन ऱ्हाईल. त्याला मी जागा बी बगून ठिवलीय."

मशीनवाला एकदा गावात बसला की पाटलाचंच काय, कुणाचंच शिवण तात्याबाच्या ओसरीवर येणार नव्हतं.

पाटील तहसिलीच्या कामाला केजला गेला होता. उद्या दुपारी परत येणार होता. तात्याबानं झूल घडी घातली, डोक्यावर घेतली आणि गावाच्या मागच्या बाजूनं, कुणी बोलवू नये म्हणून भराभर चालत घरी आला.

ओसरीवर त्याची आई साखराबाई कवड्यांना भोकं पाडत बसली होती. मनकर्णा आतून हात पुसत आली. त्यानं झूल खाली टाकली. तिनं झुलीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि 'मी सांगितलं होतं' हे ती म्हणाली नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं.

"किती?" तिनं विचारलं.

"वीतभर."

"दोनी अंगाला मिळून?"

"मिळून. वशिंडबी बसना त्यात."

मनकर्णा झूल पसरून तिच्याभोवती दोनदा फिरली. मश्रू औरंगाबादची होती, लाल आणि पिवळ्या पट्ट्यांची, वरून रेशीम आणि आतून सूत. कापडाचे दुकानदार मन्मथअप्पा ती वैशाखात घेऊन आले होते आणि माप सांगितलं तेवढीच, बोटभरही जास्त नाही. आतून मांजरपाटाचं अस्तर, कडेनं खारव्याचा लाल गोट, चारी कोपऱ्यांत पिंपळपानं कापून लावलेली, मध्ये मध्ये आरशाची भिंगं. तीन महिन्यांचं काम होतं ते. तात्याबा कितीही हट्टी असला तरी हात त्याचा गोड होता, हे त्याचे वैरीही कबूल करत.

"मदी पट्टी घालायची," मनकर्णा म्हणाली. "मानेपासून शेपटापर्यंत सरळ कापायचं, भोकातून न्यायचं, दोन तुकडं करायचं. मदी वीतभर पट्टी. भोकबी वाढतंय, काठबी खाली येत्यात."

"मश्रू कुटाय?"

"मश्रू कशाला पायजे?" ती आत गेली आणि कोठीमागून एक गाठोडं ओढत घेऊन आली.

ते गाठोडं म्हणजे त्या घराचं तीस वर्षांचं उरलंसुरलं. आमच्याकडं जुना रिवाज आहे: बेतताना चार बोटांच्या आतला तुकडा उरला तर तो शिंप्याचा, त्याच्यावरचा गिऱ्हाइकाचा. गावात लग्न झालं, बारसं झालं, कुणी नवी बंडी शिवली, की चार बोटांच्या आतलं सगळं ह्या गाठोड्यात. हिरवे, निळे, अंजिरी, जांभळे खणाचे कोपरे, पागोट्याच्या कडा, कुंचीच्या चिंध्या. मनकर्णानं गाठ सोडली तशी ओसरी रंगली.

"चार तुकडं आडवे लावले की वीत भरती," ती म्हणाली. "त्रिकोन कापते. एकाला एक जोडत गेलं की पट्टी."

तात्याबानं दोन तुकडे उचलून शेजारी शेजारी धरून बघितले. कल्पना चांगली होती. ती आपल्याला सुचली नाही एवढाच तिच्यात दोष होता.

"पर कापायची कशी?" तो म्हणाला. "म्या शिवलीय. म्या फाडनार न्हाई."

"मंग मी फाडते."

त्या घरात मोठी कातर बायकांनी हातात घ्यायची नाही असं होतं. तात्याबानं आईकडं बघितलं. साखराबाईनं कवडी दातात धरून दोरा ओढला आणि म्हणाली, "मला काय बगतूस? तुजा बाप असता तर त्यानं बैलाचं माप श्रावणात घेतलं असतं."

मनकर्णानं झुलीच्या मानेला कातर लावली. मश्रू कापताना बारीक कर्र आवाज येतो. तो आवाज ऐकवेना म्हणून तात्याबा उठून चिंचेखाली जाऊन बसला. परत आला तेव्हा झुलीचे दोन भाग वेगवेगळे पडले होते आणि बायको मांडी घालून त्रिकोण कापत होती. मग तोही बसला. अंगुस्ताना बोटात घातला, दोरा मेणातून काढला आणि तिनं दिलेला तुकडा तुकड्याला जोडायला लागला. दोघं फार बोलत नव्हती. "निळा दे." "तो न्हाई, शेजारी निळाच आलाय." "हां, मंग अंजिरी." ती रंग लावायची, तो टीप घालायचा. एवढी वर्षं संसार केला, पण एकाच कापडावर दोघांचे हात पहिल्यांदाच चालत होते, आणि तात्याबाला ते बरं वाटत होतं. काळजी होतीच, पण तिच्यातही बरं वाटत होतं.

दिवस कलायच्या सुमाराला पाटलाच्या वाड्याकडून बैलांचे खांदे मळायला तूप-हळद निघाल्याची गडबड ऐकू आली. पट्टी तीन हात झाली होती. वशिंडाच्या पुढचा भाग तेवढा राहिला होता.

मनकर्णानं तिथं पट्टी ताणून बघितली. "हितं न्हाई टिकायचं," ती म्हणाली. "बैल मान हलविणार, समदा ताण हितंच येणार. एवढ्या शिवणी आल्या की उसवतंय. हितं एकच तुकडा पायजे, जाड. हातभर लांब."

"तसला कुटं हाय?"

मनकर्णानं गाठोडं पुन्हा जवळ ओढलं. गाठोड्याच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं, ते तिनं त्याच्यासमोर ठेवलं.

तो किनखाब होता. जांभळ्या रेशमावर जरीचे आंबे. अठरा वर्षांपूर्वी आप्पाराव पाटलाच्या लग्नाचा अंगरखा तात्याबानं शिवला होता आणि हा हातभर तुकडा उरला होता. चार बोटं नव्हे, हातभर. तो परत द्यायला हवा होता. त्यानं दिला नव्हता. विकायचा नव्हता, कुणाला शिवायचाही नव्हता. असलं कापड पुन्हा आपल्या हाताखालून जाईल का कोण जाणे, म्हणून ठेवावंसं वाटलं होतं, एवढंच. दिवाळीला कुणी नसताना तो काढून बघायचा, हात फिरवायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. बायकोला माहीत नाही अशी त्याची समजूत होती.

"तुला कवा कळलं?"

"तुमी आनला त्याच दिवशी."

"हा लावला तर पाटील वळखणार."

"वळखणारच."

"समद्या गावादेखत चोर म्हनंल. शिवण तर जाईलच, अब्रूबी जाईल."

"न लावला तर वेशीत पट्टी उसवणार," मनकर्णा म्हणाली. "तवाबी शिवण जातंय." थोडा वेळ ती किनखाब चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, "उलटा लावू का? उलट्या अंगानं निस्ता जांभळा धागा दिसतोय. आंबं दिसत न्हाईत. कुनाला कळायचं न्हाई."

तात्याबानं तुकडा उलटा करून बघितला. खरंच होतं. उलट्या बाजूनं ते एक साधं, दोरे सुटलेलं जांभळं कापड दिसत होतं. कुणालाच कळलं नसतं. त्यानं सुई टोचली. एक टाका घातला. दुसरा घातला. मग थांबला, दोन्ही टाके उसवले आणि तुकडा सुलटा केला.

"किनखाब उलटा लावू?" तो चिडून म्हणाला, जणू तिनंच त्याला मारून मुटकून बसवलं होतं. "हात झडतील माजं. म्हनू दे चोर."

मनकर्णा मान खाली घालून हसली. तिला नवरा त्या दिवशी फार आवडला. साखराबाईला ऐकू कमी यायचं, पण ह्या वेळी नेमकं ऐकू आलं आणि ती म्हणाली, "चोर तर चोर, पर शिंपी हाय." दिवे लागायच्या आत पट्टी बसली. पट्टीच्या टोकांचे गोंडे आणि कवड्या सकाळी झाल्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सगळं गाव वेशीत जमलं. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण, डफावर थाप, रंगवलेली शिंगं, घामेजलेली माणसं. मानाचा बैल हरण्या. तो आधी तोरणाखालून जाणार आणि मग बाकीचे. झूल त्याच्यावर चढवताना तात्याबानं डोळे मिटून घेतले होते. वशिंड भोकातून अलगद वर आलं आणि काठ गुडघ्यापर्यंत उतरले, तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले. शहादेव नुसता बघत राहिला. लाल-पिवळ्या मश्रूच्या मधून ती शंभर रंगांची पट्टी मानेपासून शेपटापर्यंत गेली होती. बैल चालला की ती हलायची, आणि भिंगांचा उजेड बघणाऱ्यांच्या तोंडावर नाचायचा.

पाटील अजून घरातून निघायचा होता. तोवर बायका पुढं सरकल्या.

"अगं बया," भिवराबाई म्हणाली, "ही हिरवी माज्या चोळीची न्हवं? पोरीच्या बारशाची?"

"आन् ही माज्या म्हाताऱ्याच्या पागोट्याची कड!" दुसरी म्हणाली. तिचा म्हातारा प्लेगात गेला होता. तिनं बोटानं ती कड पुसली, पुन्हा पुसली, आणि तिथंच उभी राहिली.

मग माणसं आली. ही माझ्या बंडीची, तो आमच्या उत्तरेश्वरच्या टोपीचा. जो तो बैलाभोवती फिरून आपला तुकडा शोधायला लागला. बैलाला वाटलं आपलंच कौतुक चाललं आहे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. तात्याबाचं मात्र लक्ष वाड्याच्या वाटेकडं होतं. मनकर्णा बायकांत उभी होती, पण पदर दातात धरून तीही तिकडंच बघत होती.

आप्पाराव पाटील आला. लोक बाजूला झाले. त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला, पट्टी बघितली, "वा!" म्हणाला. मग हात वशिंडाच्या पुढं गेला आणि थांबला. डफ वाजवणाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, तोही थांबला.

"तात्याबा," पाटील म्हणाला, "हे काय बे?"

"किनखाब हाय, पाटील."

"ते मलाबी दिसतंय. कुनाचा?"

'अप्पांच्या दुकानातून आणला' असं म्हणता आलं असतं. पण मन्मथअप्पा दहा हातांवर उभे होते, तेव्हा तेही जमलं नसतं.

"तुमचाच," तो म्हणाला. "लग्नातल्या अंगरख्याचा. हातभर उरलता. द्यायला पायजे हुता. दिला न्हाई. विकला न्हाई, वापरला न्हाई, निस्ता ठिवला. चुकलं माजं."

पाटलानं आपला उजवा हात वर केला. लोकांना वाटलं आता मारतो. पण त्यानं तो हात तसाच वर धरला आणि डाव्या हातानं काख चाचपली.

"म्हनून!" तो ओरडला. "म्हनून तो अंगरखा काखेत काचत हुता! माळ घालायला हात वर करतोय, तर हात वर जाईना. कसाबसा नाकापर्यंत गेला. बायकोनं मान खाली घातली तवा माळ पडली. अठरा वर्सं झाली, सासरवाडीत अजून म्हनत्यात, जावई चांगलाय पर हात जरा अधू हाय!"

पहिल्यांदा शहादेव हसला. गडी असून हसला म्हणून त्यानं तोंडावर हात धरला, पण तोवर सगळी वेस हसत होती. पाटील स्वतः इतका हसला की त्याला बैलाला धरावं लागलं. तात्याबा तसाच हात जोडून उभा. हसावं की रडावं हे त्याला कळत नव्हतं.

"ऐक बे," पाटील डोळे पुसत म्हणाला. "बैल लई देखणा दिसतोय. लग्नाचं शिवण तुजं. केजवाला केजलाच ऱ्हाऊ दे. पर जावयाचा अंगरखा बेतशील तवा मी समोर बसनार. माजं झालं ते त्याचं नको."

"बसा," तात्याबा म्हणाला. "आन् एक सांगतो. ही पट्टी माजी न्हाई. कापली घरातनं, रंगबी घरातनंच लागले. म्या निस्त्या टिपा घातल्या."

पाटलानं बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. मनकर्णानं पटकन पदर पुढं ओढला, पण पदराआड ती किती खूश झाली होती ते तिच्या शेजारणींना चांगलंच दिसलं. डफ पुन्हा वाजायला लागला आणि हरण्या तोरणाखालून निघाला.

एकच माणूस खूश नव्हतं. मन्मथअप्पांची बायको उमाबाई बैलाच्या मागं मागं वेशीबाहेरपर्यंत गेली, तिनं पट्टी मानेपासून शेपटापर्यंत तीनदा बघितली, आणि परत येऊन तात्याबासमोर उभी राहिली.

"आमचा तुकडा कुटं हाय?"

"तुमचा?" तात्याबा गोंधळला. चोरीचा जाब द्यायची त्याची तयारी होती. न केलेल्या चोरीची नव्हती.

"समद्या गावाचा हाय. भिवरीचा हाय. त्या उत्तरेश्वराच्या टोपीचा हाय. वीस वर्सं तुमीच शिवताय आमचं. आमचं कापड ठेवावं असं तुमाला कदीच वाटलं न्हाई? आमी काय परके हाओत?"

"तसं न्हाई, उमाबाई. अप्पा कापड लई मापात देत्यात. बोटभरबी उरत न्हाई."

उमाबाईनं वळून नवऱ्याकडं बघितलं. अप्पा दुसरीकडं बघायला लागले. त्या रात्री त्यांना पुरणपोळी मिळाली, पण तूप स्वतःच्या हातानं घ्यावं लागलं, असं गावात नंतर बोललं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबा ओसरी झाडून बसतो तोच उमाबाई आली. पदराखाली काहीतरी होतं. तिनं आधी रस्ता बघितला, मग मनकर्णाच्या मांडीवर ते ठेवलं. मोरपंखी रंगाचा हिमरू, चांगला हातभर, नवा कोरा, दुकानातल्या ठाणातून कापलेला.

"पुढल्या पोळ्याला हा वशिंडापाशी लावायचा," ती म्हणाली. "समोरून दिसंल असा."

"अप्पांला माहीत हाय का?" मनकर्णानं विचारलं.

"न्हाई." उमाबाई उठली, पदर सारखा केला आणि पायरी उतरता उतरता तात्याबाला म्हणाली, "त्यांनी इचारलं तर सांगा, शिंप्यानं चोरला."

"बरं," तात्याबा म्हणाला.